रातपाळीचा कांदा

सात रस्त्याकडून डिलाईल रोडला वळलात की सगळ्यांत आधी आभाळ दिसतं. या रस्त्यावर एवढं आभाळ तुम्ही कधी पाहिलेलं नाही. मोनोरेलचे खांब नाहीत, काचेचे मनोरे नाहीत. उंच काही असेल तर ती गिरण्यांची धुराडी, आणि त्यांच्या मागे चांदण्या. जानेवारी 1959. रात्रीचे सव्वाअकरा. मुंबईत थंडी म्हणतात तेवढी थंडी आहे, म्हणजे माणसांच्या कानांना मफलर आहे आणि पाय अनवाणी आहेत. भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ अजून ठसठशीत आहे. तो व्हायला अजून सव्वा वर्ष आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक. तोंड बंद ठेवा.

खिशातही हात घालू नका. तुमच्याकडचं दहा रुपयांचं दुरंगी नाणं इथे कुणालाही बिल्ला वाटेल. दशमान नाणी येऊन अजून दोन वर्षं झालेली नाहीत. रुपयाचे सोळा आणे की शंभर नवे पैसे, यावर पानाच्या ठेल्यापाशी हुज्जत चाललेलीच आहे.

पायाखालचा रस्ता बारीक थरथरतोय. अपोलो, फिनिक्स, कमला, कुठल्या गिरणीची घरघर कुठली ते तुम्हाला सांगता येणार नाही. इथल्या पोरांना येतं. दुसऱ्या पाळीचा शेवटचा पाऊण तास चालू आहे. हवेत कोळशाचा धूर आहे, यंत्राच्या तेलाचा वास आहे आणि या दोघांच्या खालून, चाळींच्या बाजूनं, भाजलेल्या कांद्याचा वास येतो आहे. त्या वासाच्या मागे जा.

बी.डी.डी. चाळी. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं 1920 च्या दशकात बांधलेल्या, इथे अशा 32 इमारती आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. जिना चढताना भिंतीला धरा. बोळात पाऊल जपून टाका, कारण माणसं झोपली आहेत. आत जागा नाही म्हणून कुणी, तर आतल्या वळकट्यांवर पहिल्या पाळीचे लोक पसरलेत म्हणून कुणी. गावकीच्या खोल्यांचा हाच हिशेब आहे. एकाची पाळी सुरू झाली की त्याची जागा दुसऱ्याची. भिंतीला लागून पेट्या एकावर एक, वर दोरीवर कपडे, आणि सगळ्यांचं कुटुंब साताऱ्याला, सांगलीला, कोल्हापूरला नाहीतर रत्नागिरीला.

ज्या दारासमोर चपलांची रास आहे ती खानावळ.

रातपाळीची पंगत उठते आहे. बारा ते सात ज्यांना साच्यावर उभं राहायचं ती माणसं ताटात पाणी फिरवून पितात, तोंड पुसतात आणि मावशीला काही न बोलता निघतात. मावशी म्हणजे खानावळवाली. तिचं नाव विचारू नका, इथे कुणाला ते लागत नाही. ती मात्र तुम्हाला विचारते, आणि नाव नव्हे.

“कुन्या गावचं म्हनायचं?”

आजोबांचं गाव सांगा. डिलाईल रोडवर माणूस गावापासून सुरू होतो. गाव ओळखीचं निघालं की ती पाट सरकवते, पण बसा म्हणत नाही.

“हात मोकळं हायती न्हवं? मग कांदं सोला.”

शेगडीत वखारीतला लाकडी कोळसा लालबुंद झाला आहे आणि त्यात अख्खे कांदे खुपसलेले आहेत, सालीसकट. चिमट्यानं ती एकेक बाहेर ओढते आणि तुमच्यासमोरच्या परातीत टाकते. बाहेरून कोळसा झालेला असतो. तुम्ही वरची दोन सालं काढता, बोटं पोळतात, आतून वाफ येते आणि चिकट, पिंगट, गोडसर रस मनगटापर्यंत ओघळतो. डोळ्यांना पाणी नाही. कांदा कच्चा कापला तरच रडवतो. सुरीनं त्याच्या पेशी फुटतात, आतली विकरं मोकळी होतात आणि त्यांच्यामुळे डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. अख्खा भाजला तर विकरं आचेनं आतल्या आत मरतात आणि तो वायू तयारच होत नाही. मावशीला विकरं माहीत नाहीत, पण डोळे पुसत बसायला वेळ नाही हे तिला माहीत आहे.

तुम्ही, जरा शहाणपणानं, विचारता की उभा चिरून तेलावर सावकाश लाल का नाही करत?

ती तुमच्याकडे असं बघते की तुम्हाला परातीत तोंड लपवावंसं वाटतं. “पंचवीस मान्सांचा कांदा? तेल किती जाईल? आन तासभर हलवत हुबं कोन ऱ्हाईल, तुमी?”

हे वाक्य पुढे पॅरिसला गेल्यावरही कानात राहू द्या.

सुक्या खोबऱ्याची वाटी ती निखाऱ्यावर धरते. कडेनं तेल सुटतं, वाटी पेट घेते, ती फुंकर मारून विझवते आणि पाट्यावर टाकते. लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या, धणे. कोपऱ्यात एक मुलगी वरवंट्यावर दोन्ही हातांचा भार टाकून वाटते आहे, आणि वाटण गंधासारखं उतरेपर्यंत ती मान वर करत नाही. मग पातेल्यात तेल, बेतानंच, गावाहून आलेला कांदा-लसूण मसाला, त्यावर वाटण. ते तेल सुटेपर्यंत परतायचं आणि वरून उकळतं आधण घालायचं. गार पाणी घातलं की तर्री बसते. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात वाचण्यापेक्षा मावशीच्या ओरडण्यातून कळलेली बरी. बटाट्याच्या फोडी पडतात. पातेलं मोठं आहे, बटाटे थोडे आहेत, रस्सा भरपूर आहे.

बाराचा भोंगा होतो. एक सुरू होतो, त्यात दुसरा मिसळतो, तिसरा लांबून. काही मिनिटं रस्ता नुसत्या पावलांचा होतो. मग दारात दुसरी पाळी उभी राहते. केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस. साचेखात्यातली माणसं गरजेपेक्षा मोठ्यानं बोलतात, दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून कानांना दुसरी सवयच उरलेली नाही. त्यांच्यात एखादा बदलीवाला आहे, ज्याला आज काम मिळालं म्हणून तो खुशीत आहे. मावशी कोण आलं, कोण नाही ते नजरेनंच मोजते. खाडा कुणाचा पडला ते भिंतीवर कोळशाच्या रेघेनं लिहिलं जाईल आणि पगाराला वजा होईल.

तुमच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि वाडगाभर रस्सा येतो. पहिला भुरका घ्या. तिखट, मग धूर, मग खोलवरून येणारी गोडी. आणि त्याच्याही मागे काहीतरी, ज्यासाठी तुम्ही बोटांनी वाडगा चाचपता. मटण? नाही. फोड लागते ती बटाट्याची.

“मटान ऐतवारी,” मावशी म्हणते. प्रत्येक नवा खानावळी वाडग्यात हेच शोधतो, हे तिनं बघितलेलं आहे.

तुम्ही चुकलेले नसता. कांदा शिजताना त्यातल्या गंधकाच्या संयुगांपासून मांसाच्या रश्शासारखा वास येणारी संयुगं बनतात, आणि ती कणभर असली तरी नाकाला पुरतात. वरून साखर आणि अमिनो आम्लं आचेवर एकत्र आली की भाजणीचे तपकिरी स्वाद तयार होतात, जे भाजलेल्या मटणातही असतात. ज्या घरात मांस रविवारीच परवडतं तिथे बाकी सहा दिवस त्याची आठवण ठेवण्याचं काम कांद्यावर येतं.

रात्रभर गावकीच्या खोलीत पेटीला टेकून बसा. सकाळी सातचा भोंगा होईल तेव्हा रस्त्यावर उतरा, रातपाळी सुटलेल्या गर्दीत. आणि आता एक पाऊल पुढे टाका.

पॅरिसमध्ये या क्षणाला रात्रीचे अडीच वाजलेत. पायाखाली दगडी फरसबंदी आहे आणि तिच्यावरून लोखंडी चाकांच्या हातगाड्यांचा आवाज. हा ले हालचा बाजार आहे, शहराच्या मधोमध, व्हिक्टर बाल्तार या वास्तुकारानं एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या लोखंड आणि काचेच्या प्रचंड मांडवांखाली. एमिल झोलानं 1873 मध्ये याच बाजारावर कादंबरी लिहिली आणि तिला ‘पॅरिसचं पोट’ असं नाव दिलं. ते पोट भरण्याचं काम रात्री चालतं. शेतावरून आलेल्या कोबीच्या राशी माणसाएवढ्या उंच रचल्या आहेत, पलीकडे अर्धे बैल आकड्यांना टांगलेत, आणि रुंद काठाच्या टोप्या घातलेले हमाल ओझं डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढताहेत. त्यांना इथे ‘फोर’ म्हणतात, म्हणजे तगडे. त्यांची अधिकृत जमात आहे, परवाने आहेत, ऐट आहे. इथलं थंडीचं प्रकरण डिलाईल रोडच्या मफलरनं भागणारं नाही. तोंडातून वाफ निघते.

कडेच्या एका लहान भोजनगृहात शिरा. जस्ताचा पत्रा मढवलेला कट्टा, त्याच्याशी उभा राहून एक खाटीक खातो आहे, एप्रनवर रक्त. त्याच्या बाजूला एक साहेब काळ्या कोटात, बरोबर बाई गुडघ्यापर्यंत फर घातलेली. ते ऑपेरा संपवून, कुठेतरी नाचून, पहाटेच्या भुकेला इथे आलेत. दोघांच्या पुढ्यात तोच वाडगा आहे. ‘ओ पिए द कोशों’ नावाचं, म्हणजे डुकराच्या खुरांचं नाव मिरवणारं एक हॉटेल 1947 पासून इथे चोवीस तास उघडं असतं, तिथेही हाच वाडगा.

तुमच्यापुढे तो येतो तेव्हा सूप दिसतच नाही. वर चीजचं तपकिरी, फोड आलेलं कवच आहे, वाडग्याच्या काठावरून ओघळून करपलेलं. चमच्यानं ते फोडावं लागतं. खाली भिजून फुगलेला शिळा पाव, त्याखाली कांदा, त्याखाली बैलाच्या हाडांचं सार. जीभ भाजेल, थांबा. या कवचाचं मुख्य काम चव नव्हे, तो नंतरचा फायदा. थंडीत उभ्यानं खाणाऱ्या माणसाचं सूप शेवटच्या घोटापर्यंत गरम राहावं म्हणून ते झाकण आहे.

पुन्हा तेच होतं. कांद्यात मांसाची खोली, दोन नाण्यांत पोटभर जेवण, आणि खाणारा रात्री राबणारा. फरक आत, स्वयंपाकघरात आहे. तिथे एका पसरट पातेल्यापाशी एक माणूस संध्याकाळपासून उभा आहे आणि लोण्यात कांदा हलवतो आहे. त्याला त्याचे पैसे मिळतात. मावशीच्या खोलीत असा माणूस ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिनं ते उभं राहणं निखाऱ्यावर सोपवलं.

या सुपाच्या जन्माची एक गोष्ट फ्रान्समध्ये हमखास सांगतात. पोलंडचं राज्य गमावून लॉरेनचा ड्यूक झालेला स्तानिस्लास व्हर्सायला जाताना वाटेत एका खाणावळीत उतरला, तिथलं कांद्याचं सूप त्याला इतकं आवडलं की आचाऱ्याकडून शिकल्याशिवाय तो पुढे निघाला नाही. अलेक्झांदर द्यूमानं आपल्या पाककोशात ही गोष्ट रंगवून दिली आहे. दुसऱ्या कथेत राजा लुई शिकारीहून भुकेला परततो आणि फडताळात कांदा, लोणी नि शॅम्पेनखेरीज काही सापडत नाही. मला या दोन्ही कथा थोड्या केविलवाण्या वाटतात. गरिबाचं अन्न चांगलं लागलं की त्याला कुठला तरी राजा चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या कथेत तर आचाऱ्याला सूप आधीच येत होतं, याकडे कुणी बघत नाही.

इथून वर्षं भरभर जाऊ द्या. मार्च 1969 मध्ये ले हालचा घाऊक बाजार शहराबाहेर रंजिसला हलतो, आणि 1971 पासून बाल्तारचे मांडव पाडायला घेतात. हमाल गेले, सूप राहिलं, आता प्रवाशांसाठी. मुंबईतही पुढे तेच घडतं: कांद्या-बटाट्याचा घाऊक बाजार मस्जिद बंदराच्या गल्ल्यांतून उठून वाशीला जातो, आणि 1996 मध्ये भायखळ्याचा भाजीबाजार त्याच्या मागोमाग.

डिलाईल रोडवर मात्र थोडं थांबा. सत्तरच्या दशकात गिरण्यांचा 42 दिवसांचा संप होतो, पगार बंद होतात, आणि तरी खानावळींच्या शेगड्या पेटत राहतात. उधारीवर. वाण्याची उधारी, वखारीची उधारी, सावकाराचं व्याज आणि शेवटी गळ्यातला डोरल्याचा मणी. हे सगळं बघणाऱ्यांत प्रेमा पुरव होत्या, गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत मुरलेल्या. संपावर बोलताना सगळे गिरणी कामगाराबद्दल बोलत होते. त्याला जेवू घालणारी बाई कुठल्याच मागणीपत्रकात नव्हती. 1975 मध्ये त्यांनी खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. तारण म्हणून दाखवायला काही नसताना त्यांना स्वतःच्या नावावर कर्ज मिळालं आणि त्यांनी ते फेडलं. ज्या बाईचं नाव विचारायची गरज कुणाला भासली नव्हती तिला फॉर्मवर नाव लिहावं लागलं, सही शिकावी लागली. तुमची मावशी त्यांत होती की नाही, ते मी सांगणार नाही. तिचं वय तोवर बरंच झालं असेल.

18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडतात आणि त्यातले बरेचसे पुन्हा कधीच आत जात नाहीत. हा संप रीतसर मागे घेतल्याची तारीखच नाही. खानावळीत जेवणारे गावाला निघून जातात. कुणी हिशेब चुकता करून, कुणी पुढच्या पगाराला देतो सांगून. पुढचा पगार आला नाही. भिंतीवरच्या रेघा तशाच राहिल्या.

आता आजच्या लोअर परळला उतरा. गिरण्यांच्या आवारांत हॉटेलं आहेत, त्यांतल्या काहींच्या मेनूवर कांद्याचं फ्रेंच सूप आहे, आणि त्याच्या किमतीत 1959 चा एखादा खानावळी कितीतरी महिने जेवला असता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, चांगलं करत असतील तर घ्यावं. पण फिनिक्सच्या आवारात बसून ते पिणाऱ्याला हे माहीत असायला हरकत नाही की या जागेवर असंच काहीतरी आधीही शिजत होतं. बी.डी.डी. चाळींच्या जागी मनोरे चढताहेत, 160 च्या बदल्यात 500 चौरस फूट मिळणार आहेत. पाटा-वरवंटा वरच्या मजल्यावर कोण नेणार? मिक्सर आहे. आणि मावशीकडे जे नव्हतं ते तुमच्याकडे आहे: गॅस, लोणी आणि एक मोकळी संध्याकाळ. तर आता तेलावर सावकाश लाल करूनच बघा.

चार माणसांना किलोभर कांदा. नाशिकचा लाल चालतो, तिखट असला तरी. कच्चेपणी तिखट कांदा शिजल्यावर गोड होत नाही हा गैरसमज आहे. त्यात साखर असतेच, तिखटपणा तिला झाकून टाकतो आणि शिजताना तो उडून जातो. उन्हाळ कांदा मिळाला तर अधिक बरा, त्यात पाणी कमी. अलिबागचा पांढरा, माळेतला, मूळचाच गोड, पण तो एकटा वापरला तर सूप लाडावलेलं लागतं. अर्धा अर्धा घ्या. उभा चिरा, देठापासून शेंड्याकडे, फार बारीक नको. आता मात्र डोळ्यांना पाणी येईल, त्याला इलाज नाही. मेणबत्ती लावून किंवा पाव दातांत धरून काही होत नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून कापलात तर वायू कमी सुटतो, एवढंच खरं.

जाड बुडाचं पसरट पातेलं. पन्नास ग्रॅम लोणी, चमचाभर तेल, मग सगळा कांदा आणि अर्धा चमचा मीठ. पातेलं तोंडापर्यंत भरेल, घाबरू नका. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. झाकण घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. कांदा मऊ पडून स्वतःच्या पाण्यात बसेल. आता झाकण काढा आणि खरं काम सुरू करा.

पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता शंभर अंशांपुढे जात नाही, आणि त्या आचेवर लाली येणं जवळजवळ ठप्प असतं. ती जोर धरते दीडशेच्या आसपास. म्हणून आधी पाणी जायला हवं आणि ते घाईनं घालवलं तर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. पाऊण तास धरा, कधी तासाच्या वर. दहा मिनिटांत कांदा खमंग लाल होतो असं कुणी लिहिलं असेल तर तो माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा त्यानं कधी केलेला नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर लाली लवकर येते हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो आणि तोंडाला साबणाची सय येते. चिमूटभर साखर चालेल, फ्रेंच लोकही घालतात.

दर पाच मिनिटांनी हलवा, शेवटी दर दोन मिनिटांनी. बुडाला तपकिरी खरवड धरायला लागली की चमचाभर पाणी टाकून ती खरवडून कांद्यात मिसळा. सगळी चव त्या खरवडीत आहे. हे चार-पाचदा करावं लागतं. कांदा आधी पिवळट, मग सोनेरी, मग तांबूस, मग गुळाच्या काकवीच्या रंगाचा होतो. सोनेरीवर थांबायचा मोह होईल. थांबलात तर गोडमिट्टं सूप मिळेल, रातपाळीचं नाही. पातेलंभर कांद्याच्या दोनेक वाट्या राहिल्या की समजा जमलं.

दीड चमचा मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता. मग अर्धा कप कोरडी पांढरी वाइन. इथे नाशिक तुमच्या मदतीला आलं आहे. ज्या निफाड तालुक्यात लासलगावचा कांद्याचा बाजार आहे तिथेच द्राक्षांचे मळेही आहेत, आणि 1999 पासून सुलानं नाशिकच्या द्राक्षांची वाइन रुळवली. सुपाला लागणारा कांदा आणि वाइन एकाच जिल्ह्यातून येण्याची चैन पॅरिसलाही नाही. मावशीच्या काळात दारूबंदी होती, तेव्हा हा अर्धा कप परवान्याशिवाय तुमच्या हातात पडला नसता. वाइन नको असेल तर लिंबाचे चार थेंब आणि थोडं पाणी. आंबटाचा स्पर्श हवाच, नाहीतर गोडी डोक्यावर बसते.

मग सव्वा लिटर सार. तिथे बैलाच्या हाडांचं असतं. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानंतर तो प्रश्न उरत नाही, आणि आपल्याकडे बोकडाच्या नळ्या आणि पाय आहेत. हाडं आधी तव्यावर खमंग भाजून घ्या, मग कुकरमध्ये तासभर. शाकाहारी घरात कांद्याची स्वच्छ सुकी सालं, गाजर, सुके मश्रूम आणि मिरीदाणे उकळून गाळून घ्या. सालींनी रंग असा येतो की पाहुण्यांना शंका यावी. तमालपत्राचं एक छोटं पान टाका. फ्रेंच लोक थाइमची काडी टाकतात; ती नसेल तर ओव्याचे सात-आठ दाणे. दोन्हींचा वास थायमॉल या एकाच द्रव्याचा आहे, पण ओवा दांडगा, चिमूट झाली की पोटाचं औषध होतं. अर्धा तास मंद उकळू द्या. मीठ शेवटी, कारण वर चीज येणार आहे.

पावासाठी इराणी बेकरीतला ब्रून शोधा. कालचा असला तर उत्तम, परवाचा असला तर अधिक उत्तम. जाड चकत्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये पूर्ण कोरड्या होईपर्यंत शेका, टोस्टसारख्या नुसत्या लाल नकोत. लादीपाव इथे टिकत नाही, विरघळतो. चीज ग्रुयेर किंवा कोंते असायला हवं. ते इथे महाग आहे, म्हणून अमूलचं एमेंटल आणि गौडा मिसळून घ्या. पिझ्झाचं मोझरेला लांब तारा काढतं आणि चवीला मुकं असतं, ते फोटोवाल्यांना द्या.

ओव्हनला चालणारे जाड चिनी मातीचे वाडगे हवेत, साधे तडकतात. सूप काठाच्या खाली दोन बोटं, वर पावाच्या चकत्या एकमेकींना भिडवून, त्यावर चीज कडेपर्यंत, म्हणजे ते काठाला धरेल आणि बुडणार नाही. वरच्या जाळाखाली पाच ते आठ मिनिटं, फोड येऊन जागोजाग तपकिरी होईपर्यंत. ओव्हन नसेल तर चीज पावावर ठेवून झाकणाच्या तव्यात वितळवून घ्या आणि तो पाव सुपावर तरंगत सोडा. कवच तेवढं घट्ट होणार नाही, चव तीच.

आणि घरात सगळे एकदम जेवत नसतील, कुणी कॉल सेंटरमधून, कुणी हॉस्पिटलच्या ड्युटीवरून, कुणी मनोऱ्याच्या गेटवरून उशिरा परतणारं असेल, तर त्यांच्या वाट्याचा पाव आणि चीज आधी घालून ठेवू नका, लगदा होतो. सूप नुसतंच फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं आणि दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगलं लागतं. ते परत उकळायला पाच मिनिटं पुरतात, पाव शेकायला तेवढीच. माणूस हातपाय धुऊन येईपर्यंत होतं.